अण्णांच्या हातातला ट्रे आणि मिसिसिपीच्या गव्हर्नरचे फोन

आज दुपारी टपालाने पाकीट आलं. आत एक पान. "आपण मागणी केलेला अभिलेख कार्यालयात शोध घेतला असता आढळून आला नाही." खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. माहिती अधिकाराचा अर्ज केला होता, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागितलं एवढंच होतं: १९७४ साली आमच्या धरणाबाबत विश्रामगृहात मंत्र्यांनी घेतलेल्या बैठकीचं इतिवृत्त. आढळून आलं नाही म्हणे.

अण्णांनी ते पान चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि सातबाराच्या जुन्या उताऱ्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिलं. काही बोलले नाहीत. मला मात्र गप्प बसवेना, म्हणून लिहितोय. लांब होईल, वाचायचं त्यांनी वाचा.

जवळच्या लोकांना ही गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरची ही हकीकत. अण्णा तेव्हा १४ वर्षांचे. विश्रामगृहाचा खानसामा आमच्या भावकीतला, त्याच्या हाताखाली कपबशा धुवायला, चहा न्यायला जायचे. त्या दिवशी सकाळी देवळासमोर सभा झाली. मंत्री मांडवात उभे राहून म्हणाले, जमिनीला जमीन मिळाल्याशिवाय घळभरणी, म्हणजे धरणाच्या बांधात नदीसाठी ठेवलेली मोकळी जागा बुजवणं, होऊ देणार नाही. टाळ्या पडल्या. माझे आजोबा पहिल्या रांगेत बसलेले होते, डोक्याला नवा पटका बांधून. दीड-दोन तासांनी त्याच मंत्र्यांपुढे अण्णा चहाचा ट्रे घेऊन उभे होते, आणि मंत्री इंजिनियरसाहेबांना सांगत होते की पावसाळ्याच्या आत घळ भरून घ्या, लोकांचं मी बघतो. अण्णांच्या हातातला ट्रे कलला. चहा बशीत सांडला. मंत्र्यांनी स्वतः ती बशी उचलली, सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला आणि म्हणाले, असू दे रे पोरा.

कोपऱ्यात एक कारकून मांडीवर वही घेऊन सगळं लिहून घेत होता, असं अण्णा सांगतात. म्हणजे कागद होता! पावसाळ्यात पाणी आलं. आमचं घर, देवळाची पायरी, चिंचेखालचा पार, सगळं खाली गेलं. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे आमच्यासाठी उशिराचाच. पुढं आयुष्यभर अण्णांनी ही गोष्ट सांगितली आणि आयुष्यभर ऐकून घेतलं की बाळू, तू लहान होतास, तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.

आता दुसरी गोष्ट. गेले पंधरा दिवस मी रात्री जेवणं झाली की बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयाने खुली केलेली ध्वनिमुद्रणं ऐकतोय. घरबसल्या, फुकट. १९६२ चा सप्टेंबर. एका बाजूला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, दुसऱ्या बाजूला मिसिसिपी राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट. विषय एकच, जेम्स मेरेडिथ. २९ वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस, ९ वर्षं हवाई दलात काढलेली, त्याला आपल्याच राज्याच्या, पण गोऱ्यांपुरत्याच असलेल्या विद्यापीठात शिकायचं होतं. कोर्टाने निकाल दिला होता की त्याला प्रवेश द्या. गव्हर्नरसाहेबांनी २० सप्टेंबरला स्वतः रजिस्ट्रारचे अधिकार घेऊन त्याला नाकारलं. नंतर एकदा स्वतः दार अडवून उभे राहिले, एकदा उपगव्हर्नरला उभं केलं.

ही झाली मांडवातली बाजू. २९ सप्टेंबरच्या शनिवारी रात्री राज्याची राजधानी जॅक्सनला फुटबॉलचा सामना होता. मध्यंतरात बार्नेट मैदानात उतरले आणि माईकवर गरजले की माझं मिसिसिपीवर प्रेम आहे, इथल्या लोकांवर, इथल्या रीतींवर प्रेम आहे. सगळं स्टेडियम पेटलं.

आणि त्याच दिवशी फोनवर काय चाललं होतं? हेच गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांशी आणि त्यांचे भाऊ, ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी, यांच्याशी तोड काढत होते. सोमवारी आपण गर्दीसकट मिसिसिपीतल्याच ऑक्सफर्ड गावी विद्यापीठाच्या दारात उभं राहायचं, तेवढ्यात मेरेडिथची नोंदणी जॅक्सनमध्ये गुपचूप उरकून घ्यायची, आणि मग आपण लोकांना सांगायचं की आम्हाला फसवलं. त्याआधी दोन दिवस तर रॉबर्ट केनेडींशी घासाघीस चालली होती ती मेरेडिथला घेऊन येणाऱ्या मार्शल लोकांपैकी, म्हणजे केंद्र सरकारच्या पोलिसांपैकी, कितीजणांनी पिस्तुलं बाहेर काढायची यावर. रॉबर्ट म्हणत होते एका मार्शलने काढलं तर चालेल ना, बार्नेट म्हणत होते सगळ्यांनी काढा, एकाच पिस्तुलापुढे माघार घेतली तर लोकांत नाचक्की होईल. हे सगळं नोंदलेलं आहे. आज कुणीही वाचू शकतं.

एका फोनच्या शेवटी तर हे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांचे आभार मानतात, आमच्या कोंबडीपालनाच्या कार्यक्रमात लक्ष घातल्याबद्दल. राज्य पेटायला आलंय आणि हा माणूस कोंबड्यांबद्दल आभार मानतोय. तो सूर मी तीनदा ऐकला. इतका गोड, इतका घरगुती. बशीतला चहा कपात ओतणारा सूर असाच असणार. असू दे रे पोरा.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते रविवारच्या बोलण्याने. शनिवारी रात्री बार्नेटनी तो बेत मोडला. रविवारी सकाळी रॉबर्ट केनेडींनी त्यांना सांगितलं की आज रात्री राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर बोलणार आहेत, आणि तुम्ही शब्द दिला होता आणि फिरवलात, हे ते देशाला सांगतील. तिथे बार्नेट गडबडले. काकुळतीला आले, तसं नका करू म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी मेरेडिथला विद्यापीठात आणायला तयार झाले.

कोर्टाच्या आदेशाला जो माणूस बधला नव्हता, तो भ्यायला कशाला? आपलं खोलीतलं बोलणं मांडवात ऐकू जाईल, याला. आमच्या गावाकडे नेमकी हीच गोष्ट कधी नव्हती. आमच्याकडे १४ वर्षांचा पोरगा होता आणि त्याच्या शब्दाला किंमत नव्हती.

त्या रात्री व्हायचं ते झालंच. केनेडी टीव्हीवर शांततेचं आवाहन करत होते तेव्हा विद्यापीठात दंगल सुरू झालेली होती. मार्शल लोकांना लायसियम इमारतीपुढे दगड, विटा आणि नंतर गोळ्या खाव्या लागल्या. सैन्य उशिरा पोचलं. पॉल गिहार नावाचा फ्रेंच वार्ताहर पाठीत गोळी लागून मेला, त्याचा मारेकरी कधी सापडला नाही. रे गंटर नावाचा २३ वर्षांचा तरुण मेला. सकाळी, १ ऑक्टोबरला, मेरेडिथची नोंदणी झाली आणि तो वर्गात जाऊन बसला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पदवी घेऊनच बाहेर पडला.

आणि बार्नेट? कोर्टाच्या अवमानाचा खटला झाला, तो १९६५ मध्ये काढून टाकण्यात आला. मोकळे सुटले. म्हणजे नोंदी होत्या म्हणून न्याय झाला, असं मी म्हणत नाही. नाहीच झाला.

कुणीतरी म्हणेलच की केनेडींनी तरी काय सांगून टेप केलं होतं? बरोबर आहे. १९६२ च्या उन्हाळ्यात त्यांनी लपवून यंत्रणा बसवून घेतली, समोरच्याला पत्ता नव्हता, आणि टेप आहेत हे जगाला कळलं ते १९७३ मध्ये. चोरून टेप करणं चांगलं नाही, मान्य. त्या ध्वनिमुद्रणांत केनेडीही काही साधुसंत दिसत नाहीत. त्यांनाही मेरेडिथपेक्षा प्रकरण शांतपणे निस्तरण्याची घाई जास्त होती. पण तेही त्यांच्याच ग्रंथालयाने खुलं केलं ना? स्वतःच्या माणसाला कमीपणा आणणारं बोलणंसुद्धा जपलं, तारखा लावून ठेवलं, उतरवून काढलं.

अमेरिकेचं फार कौतुक करू नकोस, हेही ऐकेन. नाही करत. याच मिसिसिपीने १९५६ मध्ये एक आयोग काढला होता, राज्यातल्या वर्णभेदाविरुद्ध बोलणाऱ्यांवर पाळत ठेवायला. तो १९७७ मध्ये बंद केला तेव्हा तिथल्या आमदारांनी कायदा करून त्याची सगळी दफ्तरं ५० वर्षांसाठी सीलबंद केली. २०२७ पर्यंत कुणी बघायचं नाही! लोक कोर्टात भांडत राहिले, तेव्हा कुठे १९९८ मध्ये १ लाख ३२ हजारांहून जास्त पानं उघडली. सत्तेवर बसलेला माणूस सगळीकडे सारखाच. पण त्यांनी सील केली होती. जाळली नव्हती, रद्दीत घातली नव्हती. सील तोडता येतं. "आढळून आला नाही" याचं काय तोडायचं?

केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचंही तसंच. आपल्या टेप आपल्या मृत्यूनंतर ५० वर्षं उघडू नयेत अशी त्यांची इच्छा होती. ग्रंथालयाने १९९० च्या दशकातच उघडायला घेतल्या. २३ जून १९६४ चं बोलणं ऐका. मिसिसिपीत तीन तरुण बेपत्ता होते, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर. मतदार नोंदणीच्या मोहिमेतले. जॉन्सन मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड यांना फोन लावतात, आणि ईस्टलंड सांगतात की कुणी बेपत्ता बिपत्ता नाही, हा प्रसिद्धीसाठीचा स्टंट आहे. त्यानंतर काही मिनिटांतच एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख हूवर यांचा फोन येतो की त्या मुलांची गाडी जळालेली सापडली. तिघांचे मृतदेह ४४ दिवसांनी एका मातीच्या बांधात पुरलेले मिळाले.

मातीचा बांध. हे ऐकून मी मोबाईल बंद केला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

एक गोष्ट सारखी डोक्यात येते. बार्नेट आणि केनेडींच्या त्या सगळ्या फोनांत मेरेडिथ कुठेच नाही. त्याला किती वाजता आणायचं, कुठून न्यायचं, कुठे ठेवायचं, सगळं ठरतंय, पण तुझं काय म्हणणं आहे असं त्याला विचारायला कुणीही थांबत नाही. आमचं गावही त्या खोलीत नव्हतंच. गावातर्फे तिथे उभा होता तो एक पोरगा, हातात ट्रे घेऊन, आणि त्याला कुणी माणसात धरलं नव्हतं. म्हणून तर त्याच्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलले.

आता राग थोडा उतरलाय. ज्या कारकुनाने किंवा ज्या ताईंनी आजचं उत्तर टाईप केलं त्यांच्यावर माझा रोख नाही. त्यांनी खरोखर कपाटं उघडली असतील, वाळवी लागलेले गठ्ठे खाली काढले असतील. ५० वर्षांत कार्यालयं हलली, पावसाचं पाणी शिरलं, माणसं निवृत्त झाली. समजतं मला. पण 'अ' वर्गातला कागद कायम जपायचा असतो, हा नियम सरकारचाच. २००५ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा राज्याचाच. ज्या कागदावर तीनशे घरं पाण्याखाली गेली तो 'अ' वर्गात नाही, तर कोणत्या?

संध्याकाळी अण्णांना ते कोंबड्यांचं बोलणं ऐकवलं. इंग्रजी त्यांना कळत नाही, मी थांबवून थांबवून सांगत गेलो. सगळं ऐकलं आणि त्यांनी एकच विचारलं, "त्या गव्हर्नरच्या खोलीत त्या वेळी आणखी कोण होतं रं?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "कुणीतरी असणारच. पाणी द्यायला तरी."

उद्या प्रथम अपील टाकतोय. ३० दिवसांची मुदत आहे, पण थांबणार नाही. आणि मित्रांनो, एक काम आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात पाटबंधारे खात्यात आमच्या भागात नोकरीला असलेलं तुमच्या घरात कुणी असेल, आजोबा, काका, सासरे, तर त्यांच्या डायऱ्या, वह्या, जुनी टाचणं एकदा चाळा. सभेची तारीख, भाषणातलं वाक्य, विश्रामगृहातल्या बैठकीची वेळ, काहीही. कोपऱ्यात बसून मांडीवर वही घेऊन लिहिणारे ते गृहस्थ, डोळ्याला जाड भिंगांचा चष्मा, डावखुरे होते असं अण्णा सांगतात. ओळखत असाल तर इनबॉक्समध्ये कळवा.