दुसरं शहर म्हणजे दुय्यम शहर नव्हे

'अमेरिकेत खरं शहर एकच' अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो पुण्याच्या मावसभावाकडून आला, मग न्यू जर्सीतल्या मैत्रिणीकडून. म्हणणं थोडक्यात असं: लोकसंख्येच्या यादीत न्यूयॉर्क पहिलं आहे आणि शिकागो घसरतंय, तेव्हा निकाल लागलेलाच आहे. शिकागोला 'विंडी सिटी' (म्हणजे वाऱ्याचं शहर, आणि वाचाळ शहरही) हे नाव एका न्यूयॉर्ककर संपादकाने त्याच्या बढायांवरून ठेवलं. 'सेकंड सिटी' म्हणवून घेत शिकागोने आपलं दुय्यमपण स्वतःच कबूल केलं. उंच इमारतींचा मानही न्यूयॉर्कचाच. आणि शहरांची ही चढाओढ म्हणजे शेवटी पोकळ अभिमान.

मी एकोणीस वर्षं शिकागोत राहते. या शहरावर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. पण आक्षेप नुसता जीव आहे म्हणून नाही. यातला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकीचा किंवा अर्धवट आहे.

पहिला मुद्दा लोकसंख्येचा. यादी खोटी नाही. शिकागोत १९५० साली ३६ लाख २० हजार माणसं होती, २०२० साली २७ लाख ४६ हजार. घट मोठी आहे, आणि दक्षिण आणि पश्चिम भागांत ती रिकाम्या प्लॉटांच्या रूपात डोळ्यांना दिसते. ती नाकारायचं मला कारण नाही. पण यादी मोजते काय? महापालिकेच्या हद्दीतली माणसं. हद्द कुठे आखायची हे मात्र राजकारण ठरवतं. ह्यूस्टन आसपासचा मुलूख सामील करत गेलं आणि आज त्याचा विस्तार शिकागोच्या अडीचपटीहून जास्त आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने १९६८ साली जवळजवळ सगळी काउंटीच, म्हणजे जिल्हाच, पोटात घेतली. त्यामुळे २०२० च्या जनगणनेत ते साडेनऊ लाखांचं ठरलं, सॅन फ्रान्सिस्को पावणेनऊ लाखांचं आणि बॉस्टन पावणेसात लाखांचं. बॉस्टनचा सगळा महानगर परिसर धरला तर जॅक्सनव्हिलच्या परिसरातली माणसं त्याच्या निम्मीसुद्धा भरत नाहीत.

आता ज्या न्यूयॉर्कचा आकडा निर्णायक म्हणून दाखवला जातो, तो कसा तयार झाला ते पाहा. १८८० साली शिकागोत पाच लाख माणसं होती. १८८९ साली शिकागोने हाइड पार्क, लेक व्ह्यू, जेफरसन, लेक अशा शेजारच्या वस्त्या जोडून घेतल्या: एका फटक्यात सव्वाशे चौरस मैल आणि सुमारे सव्वादोन लाख माणसं. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत शहर ११ लाखांच्या जवळ पोहोचलं आणि फिलाडेल्फियाला मागे टाकून दुसरं झालं. न्यूयॉर्क तेव्हा पंधरा लाखांचं होतं, आणि ब्रुकलिन हे वेगळं शहर होतं. शिकागो आपल्याला गाठेल ही भीती न्यूयॉर्कमध्ये उघड बोलली गेली, आणि ब्रुकलिनला जोडून घ्यायच्या प्रचारात ती वापरलीही गेली. १८९४ साली ब्रुकलिनकरांनी मतदान केलं तेव्हा विलीनीकरणाची बाजू अवघ्या २७७ मतांनी जिंकली. १८९८ साली आजचं पाच विभागांचं न्यूयॉर्क उभं राहिलं.

म्हणजे जी यादी या चढाओढीचा निवाडा करते असं सांगितलं जातं, ती यादीच चढाओढीतून घडलेली आहे. फिलाडेल्फियाचंही तेच. १८५० साली ते सव्वा लाखाच्या आत होतं. १८५४ साली त्याने सगळी काउंटी सामावून घेतली आणि १८६० च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या वर गेलं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाला तिथे गेल्या, त्या काळात अमेरिकेचं दुसरं शहर म्हणजे फिलाडेल्फिया. पुढे ते चार पायऱ्या खाली आलं. म्हणून १८८६ साली तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने आनंदीबाईंना दिलेल्या पदवीचं मोल तसूभरही कमी झालं नाही.

दुसरा मुद्दा 'विंडी सिटी'चा. गोष्ट अशी सांगतात की १८९३ च्या विश्वप्रदर्शनासाठी न्यूयॉर्क आणि शिकागो झगडत होते, तेव्हा 'न्यूयॉर्क सन'चे संपादक चार्ल्स डेना यांनी शिकागोच्या वाचाळपणावर हे नाव चिकटवलं. झगडा खरा. १८९० साली अमेरिकी प्रतिनिधिगृहात न्यूयॉर्क, सेंट लुईस आणि वॉशिंग्टनला मागे सारून आठव्या फेरीत शिकागो जिंकलं. विवेकानंदांचं भाषण ज्या सर्वधर्म परिषदेत झालं, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. पण नाव डेनांचं नाही. सिनसिनाटीच्या एका दैनिकात ते ९ मे १८७६ रोजी मथळ्यातच छापलेलं सापडतं. शिकागोत नुकतंच वादळ झालं होतं, आणि वाऱ्याबरोबर बढायांनाही टोमणा होता. सिनसिनाटीने टोमणा का मारावा? कारण डुकराच्या मांसाच्या धंद्यातलं त्याचं पहिलं स्थान यादवी युद्धाच्या काळात शिकागोने हिरावून घेतलं होतं, आणि १८७० च्या जनगणनेत लोकसंख्येतही त्याला मागे टाकलं होतं. दुखावलेलं शहर न्यूयॉर्क नव्हतं. फिरणाऱ्या मजकुराने सिनसिनाटीचा राग उचलून न्यूयॉर्कच्या खात्यावर टाकलाय. वाऱ्याचं म्हणाल, तर सरासरी वेगात बॉस्टन शिकागोच्या पुढे आहे. जानेवारीत मिशिगन तळ्याकडून येणारा वारा तोंडावर घेत बसथांब्यावर उभं राहिलं की हे पटत नाही, पण नोंदी तसंच सांगतात.

'सेकंड सिटी'बद्दल फार लिहायची गरज नाही. १९५२ साली एका न्यूयॉर्ककर पत्रकाराने शिकागोला हिणवणारी लेखमाला लिहिली, तिच्या नावात हे शब्द होते. सात वर्षांनी शिकागोतल्या तरुण नटांनी विनोदी नाटकांचं थिएटर काढलं आणि त्याला मुद्दाम हेच नाव दिलं. टोमणा उचलून पाटीवर लावण्याला कबुली म्हणत नाहीत.

उंचीच्या बाबतीत मजकूर थोडा बरोबर आहे, आणि आमच्या बाजूनेही अतिशयोक्ती होते. १८८५ साली पुरी झालेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत ही जगातली पहिली गगनचुंबी, असं इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. तज्ज्ञांत त्यावर एकमत नाही, कारण लिफ्टच्या उंच इमारती न्यूयॉर्कमध्ये त्याआधीही होत्या. पण १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांकडून अमेरिकेतल्या सर्वांत उंच इमारतीचा मान काढून घेणारा ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर शिकागोतला. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधून वाऱ्याला तोंड द्यायची त्याची रचना फजलूर खान यांची. ते जन्मले आणि इंजिनिअर झाले ते ढाक्यात. न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरने २०१३ साली हा मान नेला तो टोकावरच्या उंच दांड्यामुळे. दांडा वगळला तर छप्पर शिकागोच्या मनोऱ्यापेक्षा खालीच आहे. दांडा इमारतीचा भाग धरायचा की नुसता अँटेना, हे उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं आणि निकाल न्यूयॉर्कला दिला. त्या परिषदेचं मुख्यालय शिकागोत होतं. आपल्याच शहराविरुद्ध निकाल देणाऱ्या त्या माणसांचा मला अभिमान वाटतो.

राहिला शेवटचा मुद्दा, चढाओढ पोकळ असल्याचा. शिकागो आणि सेंट लुईसमधली चुरस आज लोकांना बेसबॉलपुरती माहीत आहे. मूळ भांडण मिसिसिपी नदीचं होतं. सेंट लुईस आगबोटींवर जगणारं, शिकागो रेल्वेवर. १८५६ साली रॉक आयलंडला त्या नदीवरचा पहिला रेल्वेपूल झाला आणि काही आठवड्यांतच एक आगबोट त्याच्या खांबावर आदळून पेटली. बोटीच्या मालकाने पुलाच्या कंपनीवर दावा लावला. शिकागोच्या कोर्टात पुलाची बाजू मांडायला जे वकील उभे राहिले त्यांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचं एकमत झालं नाही, पूल टिकला, आणि पश्चिमेचा माल शिकागोकडे वळत राहिला.

मग पाण्याचं भांडण. शिकागोचं सांडपाणी नदीतून तळ्यात जायचं आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातून यायचं. म्हणून शहराने ४५ किलोमीटरचा कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण आता इलिनॉय नदीतून मिसिसिपीत, सेंट लुईस जिथून पाणी उचलतं त्याच्या वर, जाणार होती. कोर्टाचा मनाईहुकूम येण्याआधी काम उरकावं म्हणून जानेवारी १९०० मध्ये कालव्यात पाणी घाईघाईने सोडलं गेलं. सेंट लुईस ज्यात आहे ते मिसुरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०६ साली न्यायमूर्ती होम्स यांनी पुरावा अपुरा म्हणून दावा फेटाळला. शिकागो जिंकलं, पण सेंट लुईसकरांची तक्रार पोकळ नव्हती. आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या शहराला कोण पोकळ म्हणेल?

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना नदीतल्या बोटफेरीला नेते. वाटाडी बाई नदी उलटी फिरवल्याचं सांगते, तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. किनाऱ्यावर उतरल्यावर ते पाणी कुठे गेलं, हे मी त्यांना सांगते.