ल्युथरने सात पुस्तकं फाडून टाकली नाहीत
व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की मार्टिन ल्युथरने (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, प्रोटेस्टंट पंथाचा जनक) बायबलमधली सात पुस्तकं उडवली, जी कॅथलिक बायबलात असतात पण प्रोटेस्टंट बायबलात बहुधा नसतात, मग त्याला उत्तर म्हणून दुसरं फॉरवर्ड, की कॅथलिकांनीच १५४६ला ट्रेंटच्या धर्मसभेत ती घुसवली. दोन्ही चूक. ल्युथरच्या १५३४च्या जर्मन बायबलात तोबित, युदिथ, मक्काबी वगैरे ही सातही पुस्तकं आहेत, फक्त जुन्या आणि नव्या कराराच्या मधे वेगळं काढून वर लिहिलंय की पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत पण वाचायला चांगली. आणि ३९७च्या कार्थेजच्या धर्मसभेने केलेल्या बायबलच्या पुस्तकांच्या यादीत ती होतीच (बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम तेव्हाही कुरकुरत होता म्हणा), ट्रेंटने नुसता पक्का शिक्का मारला. १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमधे पण होती बरं का! बायबलमधून त्यांची गळती वाढली ती १८२६नंतर, बायबल छापून वाटणाऱ्या ब्रिटिश बायबल सोसायटीने या पुस्तकांच्या छपाईला पैसे बंद केले तेव्हा.