उइघुरांवरच्या लेखाला आलेल्या आक्षेपांबद्दल

नमस्कार. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइघुर मुस्लिमांना छावण्यांत डांबलं गेलं, त्यांचे जन्म रोखले गेले, असं सांगणाऱ्या संशोधनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. आक्षेप तीन: हे अमेरिकेच्या पैशावरचं संशोधन आहे, शिनजियांगमध्ये पाय न ठेवता केलेलं आहे, आणि आपल्याला त्याचं काय पडलंय?

पैशाचं आधी बोलू. ऑस्ट्रेलियातल्या ‘आस्पी’ या अभ्याससंस्थेला अमेरिकी परराष्ट्र खात्याकडून निधी मिळालेला आहे, त्यामुळे तिचे निष्कर्ष मीही पारखूनच घेतो. पण चीनचे सरकारी आकडे काही वॉशिंग्टनमध्ये छापले जात नाहीत. त्यांतच शिनजियांगचा जन्मदर २०१७ मध्ये हजारी १५.८८ आहे आणि २०१९ मध्ये ८.१४. दोन वर्षांत जवळपास निम्मा!

आता पाय ठेवण्याचं. पत्रकार मेघा राजगोपालन २०१७ मध्ये तिथे जाऊन छावणीच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. पुढच्या वर्षी चीनने त्यांचा व्हिसाच वाढवून दिला नाही. मग बाहेरून काम करण्यावाचून उरलं काय? त्यांच्या गटाच्या लक्षात आलं की बायडू या चिनी इंटरनेट कंपनीच्या नकाशावर काही जागा मोठ्या करून पाहिल्या की उपग्रहचित्राऐवजी कोरा राखाडी चौकोन येतो. चोराच्या मनात चांदणं! त्यांनी तेच चौकोन धरून त्या जागा दुसऱ्या कंपन्यांच्या चित्रांत शोधल्या. तिथे उंच भिंती होत्या, पहाऱ्याचे मनोरे होते. २०१७ नंतर उभ्या राहिलेल्या अशा २६० हून जास्त वास्तू सापडल्या.

आणि आत राहून अभ्यास करणाऱ्यांचं काय झालं, हेही बघा ना. अर्थशास्त्राचे प्राध्यापक इल्हाम तोहती यांना २०१४ मध्ये जन्मठेप झाली. पीर-दर्ग्यांच्या लोकपरंपरा टिपणाऱ्या अभ्यासक राहिले दावुत २०१७ च्या डिसेंबरमध्ये गायब झाल्या. त्यांनाही जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये कळलं. दावुत तर चीनच्याच विद्यापीठात शिकवत होत्या, सरकारी अनुदानावर.

छावण्यांत दहा लाख बंदिवान हा अंदाज आहे, मोजणी नाही, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. मोजायला कुणाला आत सोडलं तर नेमका आकडा मिळेल.

राहिलं आपलं काय पडलंय ते. ६ ऑक्टोबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत या विषयावर नुसती चर्चा घ्यायची का, यावर मतदान झालं. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. त्या तटस्थांत भारत होता. दुसऱ्याच दिवशी आपलं परराष्ट्र खातं म्हणालं, शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा मान राखला जावा. मग आदल्या दिवशी चर्चेच्या बाजूने मत द्यायला काय हरकत होती? हे विचारायला मला अमेरिकेचा पैसा लागत नाही.