नऊ पिना बसल्या म्हणजे झालं का?

आता डोकंच फिरलंय. वडलांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला एक ईसीसी 83 व्हॉल्व्ह गेला, एवढंच झालं. अंगठ्याएवढी काचेची नळी, तिच्यासाठी चार महिने झाले फिरायलोय!

गुलमंडीत विचारलं तर नळाचा व्हॉल्व्ह काढून दाखवला. जालन्यात म्हणाले भंगारात बघा. परभणीत तर म्हणाले काका, फेकून द्या ते धूड अन् ब्लूटूथ घ्या. अरे, मी सल्ला मागितला का तुम्हाला?

ऑनलाइन मागवला ईसीसी 83, आला ईसीसी 82. फोन केला तर म्हणतो, "सर, पिना बसतात ना?" बसतात की! नऊच्या नऊ बसतात, पण एकाचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा, 100 अन् दुसऱ्याचा 20 च्या आतबाहेर, मग तेवढा आवाज कुठून येणार?

दुसऱ्यानं "नवाकोरा, न वापरलेला" म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला. उघडून बघतो तर शेंड्यावरचा चांदीसारखा चट्टा पांढराफटक पडलेला, म्हणजे आत हवा शिरली, नळी मेली. विकणाऱ्याला हे दिसत नाही? पैसे मागितले की काचेची वस्तू परत घेत नाही म्हणे!

एकेकाळी बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची हो. आता रशिया, स्लोव्हाकिया, चीनकडं बघायचं, वर कस्टम अन् कुरिअरचा भुर्दंड वेगळाच.

काल एकजण म्हणाला, आहे माझ्याकडं. म्हटलं शेंडा दिसेल असा फोटो टाका. अजून फोटो यायचाय.