टीव्हीची पाठ स्वयंपाकघरात

आमच्या टीव्हीला नेमकं कुठे मारायचं, हे घरात फक्त आईला ठाऊक होतं.

याला कारण टीव्हीची जागा. लालबागच्या चाळीतली आमची खोली 10 बाय 18. मधे प्लायवूडचं पार्टिशन, अलीकडे हॉल म्हणायचं, पलीकडे स्वयंपाकघर म्हणायचं. 1993च्या दिवाळीत बोनस घालून अण्णांनी 21 इंची रंगीत टीव्ही आणला, तेव्हा कळलं की याचं तोंड जेवढं रुंद, जवळपास तेवढंच ढुंगण लांब. शोकेसमध्ये मावेना. पुढे ठेवावा तर कॉट सरकवावी लागे आणि कॉट सरकवली की दार उघडत नसे. शेवटी अण्णांनी सुतार बोलावून पार्टिशनलाच चौकोनी भोक पाडून घेतलं. तोंड हॉलमध्ये, पाठ स्वयंपाकघरात. शेगडीपासून हातभर अंतरावर, हळद-तिखटाच्या डब्यांच्या रांगेत टीव्हीचं काळं कुबड बाहेर आलेलं. आज लोक भिंतीला पातळ टीव्ही लावून मिरवतात. आमचा टीव्ही तेव्हाच भिंतीसपाट होता, एका बाजूने का होईना.

तर अण्णांनी टीव्ही पाहिला तोंडाकडून आणि आईने पाठीकडून. चित्र गेलं की अण्णा हॉलमधून ओरडत, "अगं, गेला!" आई भाकरी तव्यावर टाकी आणि त्याच पिठाच्या हाताने कुबडावर एक चापट देई. चित्र हजर. ही चापट ऐरीगैरी नव्हे. भाकरी थापताना हाताला जेवढा जोर असतो तेवढाच, कमी नाही की जास्त नाही. कुबडावर तिच्या पाच बोटांचा पांढरा ठसा कायमचा उमटला होता.

एका मे महिन्यात आई गावी गेली आणि दुसऱ्याच दिवशी चित्र गेलं. अण्णांनी एसटीडी बूथवरून गावाला फोन लावून जागा विचारून घेतली. "उजव्या बाजूला, मागून चार बोटांवर." अण्णांनी हॉलमध्ये उभं राहून, पार्टिशनच्या फटीतून हात घालून उजव्या बाजूला ठेवून दिली. होता तो आवाजही गेला. आई परत आल्यावर उलगडा झाला: तिची उजवी म्हणजे अण्णांची डावी. लग्नाला 30 वर्षं झाली होती, पण हा विषय आधी कधी निघाला नव्हता.

अण्णांचा स्वतःबद्दलचा आत्मविश्वास मात्र अँटेनाच्या काळातला होता. 2 ऑक्टोबर 1972ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे वरळीचा तो 300 मीटर उंच टॉवर उभा राहिला आणि चाळीच्या कौलांवर जो तो आपला काटा त्याच्याकडे रोखून बसला. अण्णा वर, मी जिन्यात, आई खाली. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" वरळी इतकं जवळ, तरी आमच्याकडे निवेदिकेला कायम एक जुळी बहीण असे. मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला लागल्यावर या जुळ्या बहिणीचं गणित मला आलं. लहर एखाद्या उंच इमारतीवर आपटून 300 मीटरचा जास्तीचा फेरा मारून आली, की तिला एक मायक्रोसेकंद उशीर होतो, आणि तेवढ्यात पडद्यावर चित्र रेखणारा किरण पाऊण सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. तिथे उमटते ती जुळी बहीण. हे मी अण्णांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "मग ती इमारत हलव."

खरी फजिती झाली ती एका पावसाळ्यात. अण्णा संध्याकाळी 7च्या बातम्यांना बसायचे. जुलै लागला आणि त्यांना बातम्या अंधुक दिसायला लागल्या. माणसं धुक्यातून यावीत तशी, खालची अक्षरं तर मुंग्यांची रांग. 8 वाजता आई पदराला हात पुसत सीरियलला येऊन बसे. ती म्हणे, "मला तर लख्ख दिसतंय." अण्णांनी डोळे चोळून पाहिलं, तर तोवर त्यांनाही लख्ख दिसे. दुसऱ्या दिवशी 7 वाजता पुन्हा धुकं. आठवडाभर हे चाललं. अण्णांनी निदान केलं, दमलेले डोळे. दादरला जाऊन नंबर तपासून आले. चष्मेवाल्याने कर्तव्य म्हणून पाव नंबर वाढवला आणि नव्या चष्म्याचे भरपूर पैसे घेतले. नव्या चष्म्यातून अण्णांना 7 वाजताचं धुकं जास्त स्पष्ट दिसायला लागलं.

मग एका रविवारी क्रिकेट होतं. टीव्ही सकाळपासून सुरू. 7 वाजता अण्णा बातम्या पाहत होते आणि मधेच स्वतःच्या नाकाला हात लावून दचकले. चष्मा शर्टाच्या खिशात होता.

आता मला कळायला हवं होतं. पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे जिचं तोंड हाच पडदा त्या काचेच्या नळीच्या, मानेला मागून एक सॉकेट बसवलेलं असतं. त्यातल्या एका पिनेवर फोकसचे पाच-सात हजार व्होल्ट येतात. त्या सॉकेटमध्ये दमट हवा शिरली की व्होल्ट गळतात आणि चित्र फिसकटतं. टीव्ही तापला, ओल सुकली, की चित्र आपोआप स्वच्छ. मुंबईचा जुलै एकीकडे आणि कुकरच्या शिट्ट्या दुसरीकडे. आमच्या सॉकेटला कोरडा श्वास कुठून मिळणार? लॅमिंग्टन रोडवर नवं सॉकेट मिळालं, अण्णांच्या चष्म्याच्या नुसत्या डबीच्या भावात.

ते बसवायला मीच बसलो. म्हणजे उभा राहिलो. अण्णांनी मला पाटावर उभं केलं, पायात रबरी चपला, डावा हात पाठीमागे. मुंजीतही माझा एवढा थाट झाला नव्हता. एक हात मागे ठेवायचा, हा नियम मात्र खरा. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जातो. आता मुंबईच्या लोकलच्या डोक्यावर जी तार आहे तिच्यात 25 हजार व्होल्ट असतात. रंगीत ट्यूबच्या काचेवरल्या त्या रबरी टोपीखालीही साधारण तेवढेच. दाब तेवढा, ताकद तेवढी नाही. पण टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूब तो दाब धरून बसते, मनात धरून बसणाऱ्या नातेवाइकासारखी. वाचकांनी झाकण उघडू नये. मी उघडलं, कारण मला डिप्लोमा होता आणि अक्कल नव्हती.

आत काय होतं? फोडणीचं तेल आणि धूळ यांचं मिळून झालेलं एक काळं फडकं. झुरळांचे पंख. आणि लसणाची सालं, मूठभर. आई लसूण सोलायची ती ओट्याच्या त्याच टोकाला. टीव्हीने सालं दहा वर्षं जाळीतून आत ओढून घेतली होती.

"मला वाटायचं वाऱ्याने उडतात," आई म्हणाली.

सॉकेट बसलं, धुकं गेलं, आणि माझी घरात किंमत वाढली. ती साधारण तीन आठवडे टिकली. गणपतीत धाकट्याने मित्राचे मोठे स्पीकर आणून टीव्हीला चिकटून ठेवले आणि निवेदिकेचा एक गाल हिरवा, एक जांभळा झाला. स्पीकरमधल्या चुंबकाने ट्यूबमधली लोखंडी जाळी भारली होती. यावर टीव्हीतच इलाज असतो. मुख्य बटणाने सुरू करताना जो 'ढुम्म' आवाज येतो, तो चुंबकत्व काढणाऱ्या वेटोळ्याचा. पण ते एकदा चाललं की त्याची वीज तोडणारा पॉझिस्टर नावाचा तापलेला तुकडा थंड होईपर्यंत पुन्हा चालत नाही. अर्धा तास टीव्ही बंद ठेवायला हवा. मी हे सांगत असताना अण्णा बटण चालू-बंद, चालू-बंद करत होते. अर्धा तास थांबणे हा इलाज आमच्या घरात कुणालाच मान्य नव्हता. शेवटी विसर्जनाच्या गडबडीत टीव्ही दिवसभर बंद राहिला आणि रात्री आपसूक बरा झाला. श्रेय बाप्पाला गेलं.

मग एका संध्याकाळी चित्र मिटलं आणि पडद्याच्या मधोमध फक्त एक पांढरी आडवी रेघ उरली. आवाज उत्तम. सीरियलमध्ये सासू रडत होती, ती रेघ थरथरत होती. म्हणजे किरण आडवा धावत होता, वर-खाली जाणं थांबलं होतं. मी धावत जाऊन ब्राइटनेस कमी केला, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची भाजते. अण्णा हवालदिल. आई आतून म्हणाली, "एवढं काय झालं? मी दहा वर्षं अशीच बघतेय."

या वेळी चापटीने फक्त क्षणभर चित्र उलगडे आणि पुन्हा मिटे. आई म्हणाली, मेकॅनिक आणा. तिने हात टेकले म्हटल्यावर माझा डिप्लोमा गप्प बसला.

मेकॅनिक आले ते थेट स्वयंपाकघरात, बूट दाराबाहेर काढून. ओट्यासमोरच्या स्टुलावर बसले, मागे गॅसचा सिलिंडर, मांडीवर सोल्डरिंग गन. त्यांनी आल्या आल्या वर पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा बल्ब शंभरचा आहे ना?" आणि स्वयंपाकघरातला एकुलता एक बल्ब काढून टीव्हीच्या वायरीत सिरीजला जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पुढचं काही जळत नाही. आमचा बल्ब एकदा भपकन पेटला आणि मंद झाला. शॉर्ट नाही. त्या पिवळ्या उजेडात आईने भाकऱ्या केल्या आणि एकही करपली नाही.

मेकॅनिकनी बोर्ड उपसून उलटा केला. व्हर्टिकलच्या आयसीच्या, म्हणजे किरणाला वर-खाली नेणाऱ्या चिपच्या, पिना बघितल्या, फुंकर मारली. मग कुबडाचं झाकण हातात घेतलं आणि त्यावरचा पांढरा पंजा पाहून थांबले. झाकण बोर्डाच्या वर धरलं. पंजाच्या बरोबर खाली तो आयसी.

"इथे रोज कोण मारतं?"

अण्णांनी आईकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई तव्याकडे पाहू लागली.

"ड्राय सोल्डर आहे," ते म्हणाले. "तापून-निवून पिनेभोवतीच्या कथलाला बारीक चीर पडते. धक्का बसला की टेकतं, म्हणून चित्र येतं. जागा बरोबर शोधलीय हो वहिनी. आमच्याकडची पोरं हे शोधायला दिवस घेतात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि चीर एवढी मोठी झाली, तीही मारूनच."

आईने त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. त्यांच्या चहात आलं जास्त पडलं.

सगळ्या पिनांवर नवं कथील चढलं. गनचा धूर आणि भाकरीचा धूर एकत्र झाला. झाकण बसलं, बल्ब जागेवर गेला, बटण दाबलं. ढुम्म. हॉलमधून अण्णा ओरडले, "आला! पूर्ण आला!"

मेकॅनिकनी पिशवी आवरली, पैसे मोजून खिशात टाकले, आणि जाता जाता खात्री करायला म्हणून कुबडावर, त्या पांढऱ्या पंजावरच, दणदणीत एक हाणली. डबे खणखणले. चित्र हललं नाही.

"अहो भाऊ," आई कळवळून म्हणाली, "हळू ना जरा! मारतात का असं?"