नाचाचा तास अर्धा का धरता?

एम.ए. कथकचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि सोबत कॉलेजमधे डान्स शिकवायची नोकरी शोधतेय. त्यावरून बरंच मनात साचलंय, पोस्ट लांबणार आहे.

सगळे म्हणतात आधी नेट काढ, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा. बरोबरच आहे, शेवटच्या वर्षाला असताना परीक्षा देता येते म्हणून मी फॉर्मही भरलाय. पण पेपर बघा ना, नृत्य, नाटक सगळं एकाच विषयात, दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 मार्क, सगळे पर्यायांतून उत्तर निवडायचे, घुंगरू बांधायची वेळच येत नाही. थिअरी यायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही, नाट्यशास्त्र आणि अभिनयदर्पण हे नाट्य-नृत्यावरचे जुने ग्रंथ मी आवडीने वाचतेय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या प्राध्यापक भरतीच्या नियमांत आकाशवाणी-दूरदर्शनच्या ए ग्रेड कलाकारांसाठी वेगळी वाट आहे, पण ती ग्रेड मिळेपर्यंत किती वर्षं जातात हे नाचणाऱ्यांना माहितीये.

मग उरतं सीएचबी, म्हणजे कायम नोकरी नाही, घेतलेल्या तासांचेच पैसे. आणि माझं खरं भांडण इथेच आहे. तासिका तत्त्वावर थिअरीच्या तासाचा दर वेगळा, प्रॅक्टिकलचा वेगळा आणि कमी. क्रेडिटचंही तेच, थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, प्रॅक्टिकलचं 30. अहो, आमचा विषयच प्रॅक्टिकल आहे! म्हणजे तेवढ्याच क्रेडिटसाठी दुप्पट तास उभं राहून शिकवायचं आणि प्रत्येक तासाला पैसे कमी घ्यायचे.

मधे एका कॉलेजात डेमो लेक्चर दिलं. बेंच भिंतीला सरकवलेले, मुलं जीन्समधे, लेहरा (तालासाठी फिरत राहणारी धून) मोबाईलवर. तीनताल हातावर घेतला, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी नाही, हात नुसता बाजूला. खालीला निम्मी मुलं टाळी वाजवत होती. मग हात थांबवले, सगळ्यांकडून ता थेई थेई तत मोठ्याने म्हणून घेतलं, मग नुसते पाय, मग दोन्ही एकत्र, आणि मागच्या रांगेतला एक मुलगा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोब्बर आला ना, तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. त्या तासात प्रत्येकाचे पाय बघावे लागतात, गुडघे, पाठ, श्वास, नजर एका मिनिटासाठी हलवता येत नाही. याला अर्धं काम कसं म्हणायचं? नंतर मला विचारलं काय, तर गॅदरिंगचे डान्स बसवाल ना. बसवीन की, आनंदाने बसवीन, पण ते विषय शिकवण्याच्या बदल्यात नाही.

आणि हे पुण्यात होतं याचं जास्त वाईट वाटतं. कथक नृत्यांगना रोहिणीताई भाटेंनी 1947 साली इथे नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली, विद्यापीठात नृत्य-नाट्य-संगीत शिकवणारं ललित कला केंद्र आहे, दरवर्षी शिकून तयार झालेल्या मुली बाहेर पडतात आणि शेवटी घरीच क्लास काढतात. आता नव्या शैक्षणिक धोरणात परफॉर्मिंग आर्ट्सना क्रेडिट आहेत, सगळ्याच कॉलेजांना शिकवणारं माणूस लागणार आहे, तेव्हा दर आणि वर्कलोड आत्ताच नीट ठरायला हवेत, नंतर कोण बदलणार.

तुमच्या कॉलेजात नाचाचा तास थिअरीच्या बरोबरीने धरत असतील तर प्लीज कळवा, तो ठराव कसा पास करून घेतला तेही सांगा. मला तो पुढच्या इंटरव्ह्यूला सोबत न्यायचाय.