साधं की पॉवर? आंबा घाटातल्या नॉकिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार, त्यातल्या 'अर्धवट ज्ञान पाजळू नका' या वाक्यासकट. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. 'बहुतेक गाड्यांत प्रीमियम पेट्रोल भरणं म्हणजे पैसे उडवणं' या माझ्या आधीच्या लेखातल्या वाक्यावर तुमचा आक्षेप आहे. तुमची टर्बो पेट्रोल एसयूव्ही साखरप्याहून आंबा घाट चढताना साध्या पेट्रोलवर नॉकिंग मारायची, म्हणजे इंजिनातून ठकठक आवाज यायचा. ९५ ऑक्टेनचं (म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणारं) प्रीमियम भरलं आणि आवाज गेला. मायलेज १३ वरून १५ झालं. शिवाय प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं म्हणून इंजिन टिकतं, असंही तुमचं म्हणणं. यातल्या पहिल्या मुद्द्यात दम आहे, दुसऱ्याबद्दल मला शंका आहे आणि तिसरा सपशेल चुकीचा आहे. तिसऱ्यापासूनच सुरू करू.

पंपावर 'एक्सपी९५' किंवा 'पॉवर९५' म्हणून जे मिळतं त्यातही इथेनॉल असतं. इथेनॉल नको असेल तर इंडियन ऑइलचं एक्सपी१०० आहे. डिसेंबर २०२० मध्ये ते बाजारात आलं, मथुरा रिफायनरीत तयार होतं, मोजक्याच पंपांवर मिळतं आणि भाव साध्याच्या जवळजवळ दीडपट. सुपरबाइकवाले घेतात, घेवोत बापडे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ते ओतण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर गोष्ट वेगळी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं. अशा गाडीत इथेनॉल नसलेलं पेट्रोल ठेवलं तर मी नावं ठेवणार नाही. पण त्याआधी जुने रबरी पाइप बदलून घ्या, ते स्वस्तात होतं.

आता गंमत बघा. इथेनॉलला आपण सगळेच शिव्या घालतो, पण त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. बीएस६ या प्रदूषण-निकषाचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. २० टक्के इथेनॉल मिसळल्यानंतर ते ९५ झालं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर खुलासा करताना सांगितलं. म्हणजे आज साध्या नोझलमधून येतं तेही कागदावर ९५, आणि शेजारच्या महागड्या नोझलवर लिहिलंय तेही ९५. मग लिटरमागे जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः ॲडिटिव्हचे, म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची काजळी साफ ठेवणाऱ्या रसायनांचे.

ही रसायनं थोतांड नाहीत, हे मी मूळ लेखातही म्हटलं होतं. अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनचालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये दोन वेगळ्या चाचण्या केल्या. एकीत दिसलं की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीला जास्त ऑक्टेनचा फायदा होत नाही. दुसरीत दिसलं की डिटर्जंट, म्हणजे ही सफाईची रसायनं, कमी असलेल्या पेट्रोलवर इनटेक व्हॉल्व्हवर कितीतरी पट जास्त कीट साचतं. ऑक्टेन आणि सफाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्या एकाच नोझलमधून विकल्या जातात, म्हणून घोळ होतो. त्यात आणखी एक मेख आहे. तुमच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही, थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. अशा इंजिनात इंजेक्टर स्वच्छ राहतील, व्हॉल्व्हवरचं कीट मात्र कुठल्याच पेट्रोलने धुऊन निघणार नाही.

(परदेशातल्या वाचकांसाठी: अमेरिकेतल्या पंपावरचं ८७ हे आपल्या ९१ च्या जवळपासचंच असतं. तिथे दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितात. आपलं पेट्रोल त्यांच्यापेक्षा भारी, असं समजून खूश होऊ नका.)

मायलेजचं बघू. समजा साधं १०४ रुपये आणि प्रीमियम ११२. खर्चाची नुसती बरोबरी व्हायलाही १५ चं मायलेज १६.१५ च्या वर जायला हवं. तुम्ही म्हणता तुमचं १३ चं १५ झालं, म्हणजे पंधरा टक्के. पेट्रोल बदलून एवढा फरक मी कुणाच्याच गाडीत पाहिलेला नाही. शहरातली टाकी एकीकडे आणि कोल्हापूर-रत्नागिरीची टाकी दुसरीकडे, असं तर झालं नाही ना? डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत भरा, नेहमीच्याच रस्त्यावर चालवा, पुन्हा तिथेच कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. दोन्ही पेट्रोलवर हे काही टाक्या करून आकडे टाका, मी आनंदाने छापेन.

मायलेज इथेनॉलमुळे पडतं, ही तक्रार मात्र रास्त आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० (२० टक्के इथेनॉल) वर ६ ते ७ टक्के घसरेल. पण ९५ च्या नोझलमध्येही तेच इथेनॉल असताना तिथे ती घट भरून कशी निघणार?

आता नॉकिंग. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हे आपल्या डोक्यातून जायला हवं. सिलिंडरमध्ये दाबलं गेलेलं मिश्रण, स्पार्कने लावलेली ज्योत पोचायच्या आत आपलं आपण न पेटता किती दाब आणि उष्णता सोसू शकतं, त्याचं ते माप आहे. ते आपलं आपण पेटलं की जो आवाज येतो, तेच नॉकिंग. टर्बोमध्ये दाब मुळात जास्त, म्हणून तिला चांगला ऑक्टेन लागतो. नॉक सेन्सरला कुणकुण लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो, गाडी वाचते पण मरगळते. त्यामुळे तुम्ही म्हणता ते अगदी शक्य आहे. तुम्ही साल लिहिलेलं नाही, पण घाटातला प्रसंग ई२० यायच्या आधीचा असेल तर तेव्हाचं साधं ९१ होतं आणि ९५ वर पडलेला फरक खराच असणार. अलीकडचा असेल तर मी आणखी दोन गोष्टी विचारेन.

एक, गिअर कोणता होता? पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएम आणि पाय खाली दाबलेला, असं केलं तर टर्बो गाडी नॉकिंग करणारच. तिसरा टाका, आरपीएम अडीच हजारावर येऊ द्या, मग ऐका. दोन, ऑइल कोणतं आहे? कमी आरपीएमला जोर लावला की छोट्या टर्बो इंजिनांत स्पार्कच्या आधीच स्फोट होण्याचा एक वेगळाच त्रास असतो. तो आवरण्यासाठी ऑइलचे नवे दर्जे आले, २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चा एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी. सर्व्हिसिंगला बाहेरच्या गॅरेजमध्ये कुठलंतरी जुन्या दर्जाचं ऑइल पडलं असेल तर पेट्रोलला दोष देऊन उपयोग नाही. डब्यावर 'एसपी' आहे का ते स्वतः बघा.

आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला स्टिकर असतो, तो वाचा. तिथे ९५ लिहिलं असेल आणि घाटात आवाज येत असेल, तर खुशाल प्रीमियम भरा, माझा विरोध आधीही नव्हता. मूळ लेखातलं 'बहुतेक' तुमच्यासारख्या गाड्या वगळण्यासाठीच होतं. तिथे ९१ असेल आणि इंजिन साधं, बिनटर्बोचं असेल, तर वरच्या ऑक्टेनचा फायदा उचलायची सोयच त्या इंजिनात नाही.

पंपावरचं एक राहिलं. 'साहेब, पॉवर टाकू ना?' या प्रश्नावर आपण फोनमध्ये बघत 'हं' म्हणतो. पोरगा 'झिरो बघा' म्हणतो, आपण झिरो बघतो. त्याच पडद्यावर खालच्या ओळीत लिटरचा भाव असतो, तो कुणी बघत नाही. तोही बघत चला.

स्टिकरवरचा आकडा, गाडीचं साल आणि ऑइलचा दर्जा इथेच खाली लिहा. मग तुमच्या गाडीपुरतं नक्की काय ते बोलू.